बॅचलरची बायको

आई सौदीत माझ्याकडे, खोबर शहरात आली आणि तिला काय काय दाखवायचं याची सगळ्यांना घाई झाली. तिला काय बघायचंय हे विचारायची घाई मात्र कुणालाच नव्हती. आधी मक्केला जाऊन उमरा झाला. तो व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिथून परत आल्यावर माझ्या नवऱ्यानं तिला एकामागून एक मॉल दाखवायला काढले. तिसऱ्या मॉलमध्ये आई एका बाकावर टेकली आणि म्हणाली, हॉस्पिटल मोठं आहे, पण पेशंट कुठायत? मग कॉर्निश, म्हणजे इथला समुद्रकाठचा रस्ता. अख्खा जन्म रत्नागिरीच्या खाडीकाठी काढलेल्या बाईला आम्ही समुद्र दाखवायला नेलं. तिनं कठड्याला धरून खाली वाकून बघितलं आणि सांगितलं की लाट नाही, वास नाही, होडी नाही, याला समुद्र कोण म्हणेल, ही तर काठोकाठ भरलेली विहीर. नवरा हिरमुसला. मला आपलं बरं वाटलं.

आम्ही कोकणी मुसलमान. घरात मराठी बोलतो, आणि आईला आई म्हणतो. इथल्या एक-दोन बायका मला कायम विचारतात, आई क्यूँ बोलती हो, अम्मी बोलो ना. मी सांगते, तुमच्या अम्मीला तुम्ही बोला, माझ्या आईला मी बोलते. मग त्या काही दिवस माझ्याशी बोलत नाहीत आणि माझा वेळ वाचतो.

अब्बांनी याच खोबरमध्ये तीसेक वर्षं पाण्याचा टँकर चालवला. टँकर चालवत होते, पण इकाम्यावर, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावर, धंदा लिहिलेला 'आमिल'. आमिल म्हणजे मजूर. ज्या मालकाच्या नावावर ते आले त्यानं मजुराचाच व्हिसा काढला होता, आणि मजुराला बायको आणता येत नसे. इंजिनियरची बायको यायची, डॉक्टरची यायची. आमिलची बायको गावी. दोन वर्षांनी एकदा अब्बा सुट्टीवर यायचे, जपानी साड्या, टँगचे डबे, बाम घेऊन. महिना-दोन महिने घरात ईद असायची आणि मग रत्नागिरीच्या स्टँडवर रडारड. आमच्या मोहल्ल्यात अशा बायका घरोघर होत्या. लोक त्यांना सौदीवाली म्हणायचे. सौदीवाली म्हणजे जिनं सौदी कधी बघितलेलंच नाही ती.

काही वर्षांपूर्वी अब्बा गेले. घरीच गेले, आमच्या सगळ्यांच्या देखत, त्याचं काही दुःख नाही. दुःख वेगळंच होतं, आणि ते आईनं त्या शनिवारी सकाळी चहा पिताना एका वाक्यात सांगितलं. ती म्हणाली, "मला त्यांची रूम बघायचीय आणि त्या मलबाऱ्याकडे जेवायचंय. बाकी मला काय नको."

मलबारी हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण होतं. फोन महाग होते तेव्हा अब्बा आपल्या आवाजात कॅसेट भरून पाठवायचे, आणि प्रत्येक कॅसेटमध्ये त्यांच्या रूमसमोरच्या मलबारी हॉटेलातल्या मच्छीच्या कालवणाचं कौतुक असायचं. तो कैरी घालतो. तो कढीपत्ता वरून टाकतो. सुट्टीवर आल्यावर आईनं जीव ओतून केलेलं सुरमईचं कालवण ओरपता ओरपता म्हणायचे, छान झालंय, मलबाऱ्याची आठवण आली. आई वाटी आपटायची. जगातल्या बायकांना सवती असतात, आमच्या आईला तो आचारी होता. तिनं त्याला कधी बघितलं नाही, पण तो वाटण बारीक वाटत नाही, त्याचं खोबरं शिळं असतं आणि त्याला चिंच-कोकमातला फरक कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्यानं लगेच नकारघंटा वाजवली. तो सगळा बॅचलर एरिया आहे, आईंना तिकडे कशाला, चांगल्या ठिकाणी जाऊ, पडदे लावलेल्या फॅमिली केबिनमध्ये बसू. तेवढ्यात रत्नागिरीहून भाईचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, रोजचा फोन आला. नवऱ्यानं त्यालाही सांगितलं. भाईचं मत असं की तिकडे पडकी बिल्डिंग बघायला काय ठेवलंय, आणि या वयात आईनं पुरुषांच्या गल्लीत फिरणं बरं दिसत नाही. आता भाई माझा सख्खा भाऊ, पण त्याचं 'बरं दिसत नाही' ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अब्बा इथं असताना आईनं एकटीनं घर बांधलं, वाळूच्या ट्रकवाल्याशी भांडली, विहिरीला कप्पी बसवली, दोन मुलांना शिकवलं. तेव्हा कुणाला काही बरंवाईट दिसलं नाही. आता सगळ्यांना दिसायला लागलं.

मी गाडीची चावी घेतली. अब्बांच्या काळात इथं बायका गाडी चालवत नव्हत्या. आता चालवतात, मी चालवते, आणि नवऱ्यापेक्षा बरी चालवते, पण ते घरात बोलायचं नसतं.

आई तयार होऊन आली तेव्हा मी बघतच राहिले. अब्बांनी कधीतरी इथून आणलेली जपानी जॉर्जेटची साडी, मोरपंखी, तिच्यावर बारीक पांढरी फुलं. घडीच्या जागी रंग उतरला होता. वरून काळा पायघोळ अबाया चढवला, पण त्याची बटणं लावली नाहीत. मी म्हटलं, बटणं लाव गो. ती म्हणाली, मग साडी कोणाला दिसणार?

जुन्या खोबरच्या त्या गल्ल्यांमध्ये गाडी लावायची म्हणजे नशिबाचा खेळ. दोन फेऱ्या मारून एका बंद शिंप्याच्या दुकानासमोर जागा मिळाली. इमारत सापडायला त्रास झाला नाही. अब्बांनी कॅसेटमध्ये सांगितलं होतं तशी कोपऱ्यावरची, खाली न्हाव्याचं दुकान, गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेल्या लुंग्या आणि कंपनीचे निळे शर्ट. आई फुटपाथवर उभी राहून वरच्या खिडक्या बघत होती. कुठली असेल, तिनं विचारलं. दुसऱ्या मजल्यावरची, एवढंच मला माहीत होतं.

दारात खुर्ची टाकून हारिस बसला होता. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. हा बांगलादेशी, म्हातारा, दाढी मेंदीनं रंगवलेली. मी त्याला सांगितलं की माझे वडील इथं राहायचे, आईला फक्त खोली बघायचीय. तो उठून उभा राहिला, अदबीनं बोलला, पण जिन्यासमोरून हलला नाही. इथं फॅमिलीला आत सोडत नाहीत, सगळे बॅचलर राहतात, रात्रपाळीचे लोक झोपलेत. मी अब्बांचं वर्णन केलं, उंच, टँकरवाले, रत्नागिरीचे. त्याचा चेहरा उजळला. त्याला आठवत होते. तो आईकडे बघून कौतुकानं म्हणाला, "बहुत अच्छा आदमी था, अम्मा. हमारा सबसे पुराना बॅचलर."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. तिनं हारिसला सलाम केला आणि मागं फिरली. मला वाटलं खोली बघायला मिळाली नाही म्हणून लागलं. मी त्या माणसाशी अजून थोडं भांडून बघितलं, दोन मिनिटं तरी सोड म्हटलं, तो कानाला हात लावायला लागला. शेवटी नाद सोडून मी आईमागं गेले. ती न्हाव्याच्या दुकानापुढच्या पायरीवर बसली होती, अबायाची बटणं लावत.

माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "बाय, बॅचलर म्हणजे बिनलग्नाचा ना?"

मला इथं येऊन इतकी वर्षं झाली की तो शब्द माझ्या कानांना वेगळा लागतच नव्हता. सौदीत बॅचलर म्हणजे बिनलग्नाचा नव्हे. बॅचलर म्हणजे ज्याची बायको इथं नाही तो. गावी चार पोरं असोत, नातवंडं असोत, कमरेत वाकलेला असो, इथं तो बॅचलर. बॅचलर रूम, बॅचलर बिल्डिंग, बॅचलर हॉटेल. सगळे बोलतात. पण रत्नागिरीत बॅचलर म्हणजे ज्याला मुलगी बघायची असते तो. माझ्या आईनं त्या म्हाताऱ्या हारिसच्या तोंडून ऐकलं होतं की तिचा नवरा तीस वर्षं इथं लग्न न झालेला म्हणून राहिला.

मी तिला समजावून सांगितलं. सगळं सांगितलं. की अब्बांनी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, त्या हारिसलाही तिच्याबद्दल माहीत असणार, हा शब्द इथं सगळ्यांनाच लावतात. की पूर्वी बॅचलर लोकांना सुट्टीच्या संध्याकाळी मॉलमध्येसुद्धा सोडत नसत. अब्बा एकदा माझ्यासाठी बाहुली घ्यायला गेले आणि दारावरच्या माणसानं त्यांना परत पाठवलं, ते त्यांनी कॅसेटमध्ये किती रंगवून सांगितलं होतं, आणि आपण सगळे किती हसलो होतो. हे सांगताना मला हसू येत नव्हतं. राग येत होता. दोन पोरांचा बाप आपल्या लेकीसाठी बाहुली घ्यायला जातो आणि त्याला दारातून हाकलतात, कारण त्याची बायको सोबत नाही, आणि बायको सोबत का नाही, तर यांनीच येऊ दिली नाही. ही कुठली रीत?

आईनं ऐकून घेतलं. तिची आधीची भीती गेली हे मला दिसलं. नवऱ्यावरचा संशय गेला. पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त कडक होतं.

"म्हणजे ते इथं बॅचलर," ती म्हणाली, "आणि मी तिकडं सौदीवाली. मग मी बायको कुठं होते?"

मी तिला म्हटलं, घरी जाऊया का. ती म्हणाली, घरी काय जाऊया, मलबारी कुठाय तो सांग.

मलबारी समोरच होता. पाटी बदलली होती, बहुतेक मालकही बदलला असेल, पण कैरीच्या कालवणाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. जुहूरची, म्हणजे दुपारची नमाज नुकतीच सुटली होती आणि माणसं मशिदीतून सरळ जेवायला येत होती. एकच लांबट हॉल, स्टीलच्या टेबलांच्या रांगा, टेबलावर पाण्याचे जग आणि प्लास्टिक अंथरलेलं. सगळे पुरुष. ड्रायव्हर, सुतार, एसीवाले, एकदोघे हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेले. आम्ही दारात पाऊल टाकलं आणि अर्ध्या लोकांनी जेवणं थांबवली.

वेटर धावत आला. फॅमिली वर, फॅमिली वर, म्हणत त्यानं बाजूचा जिना दाखवला. जिना अरुंद, वर लाकडी पार्टिशनं आणि पडदे दिसत होते. मी आईच्या दुखऱ्या गुडघ्याचं निमित्त पुढं केलं. म्हटलं, यांना चढता येत नाही. ते खोटं नव्हतं, आणि मला वाटलं हे चालून जाईल. वेटर म्हणाला, मग पार्सल घ्या, गाडीत आणून देतो.

आईनं मला बाजूला केलं. गुडघ्याचं नाव काढू नकोस, म्हणाली, माझा गुडघा ठीक आहे. मग तिनं वेटरला तिच्या हिंदीत सांगितलं की तिला वर जायचं नाही, तिला इथंच बसायचंय. तो अजिजीनं म्हणाला, अम्मा, इधर सब बॅचलर लोग है.

"मैं बॅचलरकीच बायको है," आई म्हणाली. "मेरा आदमी तीस साल इधर जेवला. मैं बी इधरच जेवेगी."

बायको आणि जेवला हे त्या मलबारी पोराला कळलं नसणार, पण कळायचं ते कळलं. गल्ल्यावरचा मॅनेजर उठून आला. सभ्य माणूस होता, इंग्रजीत माझ्याशी बोलायला लागला, मॅडम, गिऱ्हाइकांना संकोच होतो, तुमच्याच सोयीसाठी सांगतोय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्याला सांगितलं की हा वेगळ्या दाराचा आणि वेगळं बसायचा नियम सरकारनं केव्हाच काढून टाकलाय, तुला माहीत आहे, मला माहीत आहे, मग तू कुणाचा नियम चालवतोस? आणि सोय कुणाची? माझ्या आईची सोय बघायची होती तर ती तीस वर्षांपूर्वी बघायची. माझा आवाज चढत गेला. मी कुठपर्यंत गेले असते कुणास ठाऊक.

तू गप बस, आई म्हणाली. भांडायला नाही आलो आपण.

आणि ती चालायला लागली. त्या दोन रांगांमधून सरळ, साडीच्या निऱ्या एका हातानं जरा उचलून, लग्नाच्या पंगतीत आपली जागा शोधत जावं तशी. चालता चालता तिनं अबायाची बटणं पुन्हा काढली. भिंतीकडेच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती, तिथं ती बसली. समोर तिघे जेवत होते. एकानं घाईनं आपलं ताट उचललं आणि उठायला लागला. आईनं त्याला हातानं खाली बसवलं. ताटावरून उठू नये, तिनं त्याला मराठीत सांगितलं, आणि तो बसला. माझ्यासाठी पलीकडच्या माणसानं न सांगता खुर्ची सरकवली. मॅनेजर जरा वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. मग तो वेटरला काहीतरी म्हणाला आणि गल्ल्यावर परत गेला.

वेटरनं भात आणला, कालवण आणलं, तळलेला बांगडा आणला. आईनं बोट बुडवून आधी नुसतं कालवण चाखलं. तिनं डोळे मिटले, पुन्हा चाखलं. कैरी बरोबर आहे, म्हणाली. मग थोड्या वेळानं, खोबरं बारीक वाटत नाही हे मात्र खरं. समोरचा माणूस भात कालवत होता. तिनं त्याला विचारलं, गाव कुठलं, घरी कोण कोण. तो बिहारचा. बायको आहे, दोन मुली आहेत. तिनं विचारलं, बायकोला माहीत आहे का तू इथं जेवतोस ते. तो नुसता हसला. तिला इथला फोटो पाठव, आई म्हणाली. तिला कळू दे कुठं बसतोस.

तिचं जेवण अर्ध्यावर होतं आणि माझा फोन वाजला. भाईचा व्हिडिओ कॉल. आम्ही कुठं निघालो ते सकाळपासून त्याला माहीत होतंच, नवऱ्यानं पुन्हा फोन करून कळवलं असणार की अजून परत आल्या नाहीत. मी कट करणार होते, पण आईनं हात पुसून फोन घेतला आणि समोर धरला. भाईला तिच्या मागची टेबलं दिसली, माणसं दिसली, उघडा अबाया दिसला. तो ओरडायलाच लागला. कुठं बसलीयस, आजूबाजूला कोण आहेत, लोक काय म्हणतील, अब्बा असते तर त्यांना काय वाटलं असतं, ऊठ तिथून आणि आधी घरी जा. टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जात होतं. समोरचे तिघे माना खाली घालून भात चिवडत होते. मी फोन घ्यायला हात पुढं केला, पण आईनं नुसत्या नजरेनं मला थांबवलं. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, तो दम घ्यायला थांबेपर्यंत.

"घरीच आलेय," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा तुझ्या अब्बांकडं आलेय. जेवल्याशिवाय उठायची नाय."

तिनं फोन बंद करून मला दिला, आणि वेटरला हाक मारून अजून भात आणायला सांगितला.